गिरणगावाचे मत : मुंबईच्या गिरणी कामगार वस्तीतील राजकीय कल आणि मतदान (१९३७ ते १९९१)

घटकाची उद्दिष्टे

या घटकाचा अभ्यास केल्यानंतर तुम्हाला

- मुंबईच्या गिरणगावातील मतदानाचा सुमारे पन्नास वर्षांचा प्रवास सांगता येईल;
- कामगार संघटनेवरील निष्ठा आणि निवडणुकीतील मत यांतील फरक स्पष्ट करता येईल;
- वर्ग, जात, भाषा आणि वस्ती या चार घटकांचा मतदानावर एकत्रित परिणाम कसा होतो, हे उदाहरणांसह दाखवता येईल;
- निवडणूक निकालांचा ऐतिहासिक साधन म्हणून वापर करताना कोणती काळजी घ्यावी, हे सांगता येईल.

१. प्रस्तावना

विद्यार्थी मित्रांनो, मुंबईच्या राजकारणाविषयी एक विधान तुम्ही कधी ना कधी ऐकले किंवा वाचले असेल : "गिरणी कामगार आधी लाल बावट्याखाली होता, मग तो भगव्याखाली गेला." हे विधान इतक्या वेळा सांगितले जाते की ते तपासून पाहण्याची गरज कोणाला वाटत नाही. त्यातून दोन निष्कर्षही काढले जातात. एक म्हणजे, कामगारांनी वर्गाचे भान सोडून भाषेच्या अस्मितेला जवळ केले. दुसरा म्हणजे, हे एका ठरावीक वेळी, एकदाच घडले.

या घटकात आपण हे विधान निकालांच्या आधारे तपासणार आहोत. त्यासाठी आधी वस्ती कशी होती ते पाहू, मग एकेका निवडणुकीकडे वळू. शेवटी तुमच्या स्वतःच्या शहरातील मतदानाचा अभ्यास करताना या उदाहरणाचा काय उपयोग होईल, याचा विचार करू.

२. गिरणगाव : वस्तीची रचना

मुंबईतील पहिली कापड गिरणी कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये स्थापन केली. पुढच्या काही दशकांत परळ, लालबाग, काळाचौकी, शिवडी, भायखळा, चिंचपोकळी, डिलाईल रोड, वरळी, प्रभादेवी आणि नायगाव या भागांत गिरण्यांची दाटी झाली. या सलग पट्ट्याला लोक गिरणगाव म्हणू लागले. कामगार प्रामुख्याने रत्नागिरी जिल्ह्यातून आणि घाटावरच्या सातारा, पुणे, अहमदनगर अशा जिल्ह्यांतून येत. उत्तर भारतातून आलेले कामगारही होते. मदनपुऱ्यात विणकाम जाणणाऱ्या मुस्लिम कामगारांची मोठी वस्ती होती.

राहण्याची सोय म्हणजे चाळ. एका चाळीत अनेक खोल्या आणि बहुतेक ठिकाणी मजल्यावर सामाईक नळ व संडास. १९२० च्या दशकात सरकारच्या मुंबई विकास विभागाने बांधलेल्या बीडीडी चाळींतली खोली साधारण १६० चौरस फुटांची होती. अशा खोलीत एका कुटुंबाबरोबर गावाकडची आणखी माणसे राहत. एकट्या पुरुषांसाठी गावमंडळाची खोली असे. एका गावचे लोक मिळून ती भाड्याने घेत आणि पाळीपाळीने झोपत. जेवण खानावळीत होई. ती बहुधा एखादी गिरणी कामगाराची बायको किंवा विधवा चालवी.

ही रचना मतदानाच्या अभ्यासात का महत्त्वाची आहे, ते पाहा. कामगाराला गिरणीत काम मिळे ते जॉबरच्या ओळखीने. जॉबर अनेकदा त्याच्याच गावचा किंवा त्याच वस्तीतला असे. संप झाला की उधारी देणारा वाणी, थांबून राहणारी खानावळवाली आणि गावाकडे जाण्याची वाट हेच त्याचे आधार असत. इतिहासकार राजनारायण चंदावरकर यांनी दाखवून दिले आहे की मुंबईच्या कामगारांचे राजकारण गिरणीच्या फाटकाच्या आत जितके घडले तितकेच फाटकाबाहेर, वस्तीत घडले. आपल्या पुढच्या विवेचनात हे सूत्र पुन्हा पुन्हा येईल.

गिरणगाव एकजिनसी नव्हते, हेही लक्षात ठेवा. विणकाम खात्यात मजुरी जास्त मिळे, पण तेथे दलित कामगारांना घेतले जात नसे. धोट्यातून सूत ओढताना ते तोंडाने ओढावे लागे, म्हणून स्पृश्य कामगार विटाळाचे कारण पुढे करत. १९२८ च्या संपावेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न संपाच्या नेत्यांपुढे ठेवला. वर्गाच्या एकजुटीची भाषा बोलणाऱ्या चळवळीला जातीचा प्रश्न टाळता येणार नाही, हे त्यातून स्पष्ट झाले. राहण्याच्या जागाही जातीप्रमाणे वेगळ्या होत्या. वरळी आणि नायगावच्या बीडीडी चाळींत दलित कुटुंबांच्या स्वतंत्र चाळी होत्या.

३. सार्वत्रिक मताधिकारापूर्वीचे राजकारण

गिरणगाव मतदार होण्याच्या कितीतरी आधी राजकीय झाले होते. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८० च्या दशकात गिरणी कामगारांच्या मागण्या संघटितपणे मांडल्या. १९०८ मध्ये लोकमान्य टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली तेव्हा कामगारांनी सहा दिवस संप केला. १९२८ मध्ये एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत चाललेल्या सार्वत्रिक संपातून गिरणी कामगार युनियन, म्हणजेच लाल बावटा, उभी राहिली. वर्षअखेर तिची सभासदसंख्या पन्नास हजारांच्या वर गेली. मार्च १९२९ मध्ये मीरत खटल्यासाठी श्रीपाद अमृत डांगे आणि इतर नेत्यांना अटक झाली आणि संघटनेला मोठा धक्का बसला.

१९३७ च्या प्रांतिक निवडणुकीत मताधिकार मर्यादित होता. मालमत्ता, घरभाडे, शिक्षण अशा अटींत बसणारे लोकच मतदार होते. या निवडणुकीत डॉ. आंबेडकर भायखळा-परळ या मतदारसंघातून, म्हणजे गिरणगावातूनच, स्वतंत्र मजूर पक्षातर्फे निवडून आले. पक्षाच्या नावात जात नव्हती, मजूर होता. पुढच्याच वर्षी, ७ नोव्हेंबर १९३८ रोजी, काँग्रेस मंत्रिमंडळाच्या औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट यांनी मिळून एक दिवसाचा संप केला. दोघे एकत्र येऊ शकतात, हे गिरणगावाने पाहिले. पण ही एकजूट टिकली नाही.

याच टप्प्यावर एका कायद्याची नोंद घ्यायला हवी. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने एका भागातील एका उद्योगासाठी एकच प्रातिनिधिक संघटना मान्य करण्याची पद्धत आणली. मुंबईच्या कापड उद्योगात ही मान्यता काँग्रेसशी जोडलेल्या राष्ट्रीय मिल मजदूर संघाला मिळाली. त्यामुळे एक विचित्र स्थिती निर्माण झाली. मालकांशी बोलणी करण्याचा अधिकार एका संघटनेकडे, आणि संपाची हाक दिली की कामगार जात दुसऱ्याच संघटनेमागे. १९५० चा बोनससाठीचा दीर्घ संप समाजवाद्यांच्या मिल मजदूर सभेने केला होता. म्हणून केवळ संघटनेची सभासदसंख्या पाहून कामगारांचा राजकीय कल ठरवू नका. वर्गणी, संप आणि मत या तीन वेगळ्या गोष्टी आहेत.

४. १९५२ आणि १९५७ : तीच पद्धत, दोन निकाल

सार्वत्रिक मताधिकारावर झालेल्या पहिल्या लोकसभा निवडणुकीत गिरणगावाचा मोठा भाग उत्तर मुंबई या मतदारसंघात होता. हा द्विसदस्य मतदारसंघ होता. येथून दोन खासदार निवडले जाणार होते, त्यांतील एक जागा अनुसूचित जातींसाठी राखीव होती, आणि प्रत्येक मतदाराला दोन मते होती. दोन्ही मते एकाच उमेदवाराला देता येत नसत.

रिंगणात कोण होते? काँग्रेसचे विठ्ठल बाळकृष्ण गांधी आणि नारायण काजरोळकर, समाजवादी पक्षाचे अशोक मेहता, शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनचे डॉ. आंबेडकर आणि कम्युनिस्ट पक्षाचे डांगे. समाजवादी आणि फेडरेशन यांचा समझोता होता. कम्युनिस्ट त्याबाहेर होते. निकाल काँग्रेसच्या बाजूने लागला. राखीव जागेवर काजरोळकर यांना १,३८,१३७ आणि डॉ. आंबेडकरांना १,२३,५७६ मते मिळाली. राज्यघटनेचे शिल्पकार सुमारे साडेचौदा हजार मतांनी पराभूत झाले. हजारो मते बाद ठरली आणि त्यावरून न्यायालयीन वादही झाला. कामगारांच्या नावाने उभे असलेले तीन प्रवाह एकमेकांविरुद्ध विभागले गेले होते, हे या निकालामागचे एक मोठे कारण होते.

आता १९५७ कडे या. मधल्या काळात संयुक्त महाराष्ट्राचे आंदोलन पेटले होते. नोव्हेंबर १९५५ आणि जानेवारी १९५६ मध्ये मुंबईत गोळीबार झाले. आंदोलनात शंभराहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली, त्यांत कामगार पुष्कळ होते. फेब्रुवारी १९५६ मध्ये संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली. तिच्यात कम्युनिस्ट, प्रजासमाजवादी, शेतकरी कामगार पक्ष आणि फेडरेशन एकत्र आले. अमर शेख, अण्णाभाऊ साठे आणि द. ना. गवाणकर यांच्या लाल बावटा कलापथकाने ज्या चाळींत कामगारांचे प्रश्न गायले, त्याच चाळींत आता मुंबईसह महाराष्ट्राची मागणी गायली जाऊ लागली.

१९५७ च्या निवडणुकीत मध्य मुंबई हाही द्विसदस्य मतदारसंघ होता. तेथून समितीचे दोन्ही उमेदवार निवडून आले : कम्युनिस्ट पक्षाचे डांगे आणि फेडरेशनचे गोपाळ काळूजी माने. मत देण्याची पद्धत १९५२ चीच होती. पण या वेळी मतदाराच्या हातातली दोन मते एकमेकांविरुद्ध न जाता एकत्र गेली. एक मत लाल बावट्याला आणि दुसरे निळ्या झेंड्याला, आणि दोन्ही मते भाषिक राज्याच्या मागणीला.

येथे क्षणभर थांबा आणि प्रस्तावनेतील विधान आठवा. भाषेची अस्मिता कामगारांच्या राजकारणात १९६६ नंतर बाहेरून आली, असे आपण गृहीत धरतो. प्रत्यक्षात लाल बावट्याचा गिरणगावातील सर्वांत मोठा निवडणूक विजय भाषेच्या मागणीवरच मिळालेला होता. मुंबईचे भांडवल अमराठी आणि श्रम मराठी, अशी मांडणी तेव्हा केली जात होती. त्या मांडणीत वर्ग आणि भाषा यांत विरोध नव्हता; दोन्ही एकाच वाक्यात बसत होते.

५. १९६० नंतर : मोकळी झालेली जागा

१ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले. मागणी पूर्ण झाली आणि समितीला बांधून ठेवणारा दुवा गेला. १९६२ च्या निवडणुकीत डांगे पराभूत झाले. १९६४ मध्ये कम्युनिस्ट पक्ष फुटला. रिपब्लिकन पक्षातही गट पडले. राज्य मिळाले, पण नोकरी, खोली, नळाचे पाणी, मुलांची भरती हे प्रश्न होते तसेच राहिले. ज्या तरुणांचे वडील समितीच्या मोर्चात गेले होते, त्यांच्यापुढे आता बेकारी होती.

१९ जून १९६६ रोजी बाळ ठाकरे यांनी शिवसेना स्थापन केली. त्याआधी 'मार्मिक' साप्ताहिकातून मुंबईतील कार्यालयांत वरच्या जागांवर अमराठी नावे किती आहेत, याच्या याद्या प्रसिद्ध होत होत्या. रोष प्रथम दक्षिण भारतीयांवर होता आणि लवकरच कम्युनिस्टांवरही वळला. डिसेंबर १९६७ मध्ये परळ येथील गिरणी कामगार युनियनच्या कचेरीवर हल्ला झाला. १९६८ मध्ये भारतीय कामगार सेना निघाली. त्याच वर्षीच्या मुंबई महानगरपालिका निवडणुकीत शिवसेनेने प्रजासमाजवादी पक्षाशी युती करून १४० पैकी ४२ जागा जिंकल्या. समितीतला कालचा समाजवादी घटक आज सेनेबरोबर होता, ही बाब नोंदवून ठेवा.

५ जून १९७० च्या रात्री लालबागमध्ये परळचे कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांचा खून झाला. देसाई हे केवळ आमदार नव्हते. वस्तीतील तरुणांना संघटित करणारे, अडीअडचणीला धावणारे नेते म्हणून त्यांची ओळख होती. ऑक्टोबरमधील पोटनिवडणुकीत त्यांच्या पत्नी सरोजिनी देसाई उभ्या राहिल्या. शिवसेनेचे वामनराव महाडिक दोन हजारांहून कमी मतांच्या फरकाने विजयी झाले. महाराष्ट्र विधानसभेत गेलेले ते शिवसेनेचे पहिले आमदार. 'गिरणगाव भगवे झाले' असे म्हणताना बहुतेक जण याच निकालाकडे बोट दाखवतात. पण एवढ्या थोड्या फरकाचा अर्थ काय? निम्म्या मतदारांनी त्या वातावरणातही लाल बावट्यालाच मत दिले होते.

६. निकालांचा आलेख

आता दक्षिण-मध्य मुंबई भागातील लोकसभेचे निकाल एका नजरेत पाहा. मतदारसंघाचे नाव आणि सीमा मधून मधून बदलल्या, तरी गिरणगावाचा मोठा भाग त्यात होता.

- १९५७ : श्रीपाद अमृत डांगे (कम्युनिस्ट) आणि गोपाळ काळूजी माने (फेडरेशन)
- १९६२ : विठ्ठल बाळकृष्ण गांधी (काँग्रेस)
- १९६७ : श्रीपाद अमृत डांगे (भारतीय कम्युनिस्ट पक्ष)
- १९७१ : अब्दुल कादर सालेभॉय (काँग्रेस)
- १९७४ पोटनिवडणूक : रोझा देशपांडे (भारतीय कम्युनिस्ट पक्ष)
- १९७७ : बापू चंद्रसेन कांबळे (रिपब्लिकन)
- १९८० : आर. आर. भोळे (काँग्रेस-आय)
- १९८४ : दत्ता सामंत (अपक्ष)
- १९८९ : वामनराव महाडिक (शिवसेना)
- १९९१ : मोहन रावले (शिवसेना)

ही यादी पुन्हा वाचा. १९७० च्या पोटनिवडणुकीनंतर लोकसभेत सेनेचा उमेदवार निवडून यायला १९८९ उजाडले. मधल्या काळात काँग्रेस, कम्युनिस्ट, रिपब्लिकन आणि एक अपक्ष कामगार नेता असे सर्व येऊन गेले. 'आधी लाल, मग भगवा' ही सरळ रेघ या यादीत कोठेही दिसत नाही.

यांतील १९७४ ची पोटनिवडणूक विशेष लक्षात घ्या. काँग्रेसचे उमेदवार रामराव आदिक यांना शिवसेनेचा पाठिंबा होता. १९७२ मध्ये स्थापन झालेल्या दलित पँथरने मतदानावर बहिष्काराची हाक दिली. ५ जानेवारीला वरळीच्या बीडीडी चाळींच्या परिसरात पँथरच्या सभेवर दगडफेक झाली आणि त्यातून वरळी-नायगावची दंगल पेटली. त्याच सुमारास गिरण्यांत लाल बावट्याच्या नेतृत्वाखाली दीर्घ संप चालू होता. या साऱ्यात डांगे यांच्या कन्या रोझा देशपांडे विजयी झाल्या. म्हणजे दलित मतदारांच्या एका भागाने मत न देणे हेही एक राजकीय मत होते, आणि ते निकालाच्या तक्त्यात दिसत नाही.

स्त्रियांचे मत तर त्याहून अदृश्य राहते. गिरण्यांतील स्त्री कामगारांचे प्रमाण दशकानुदशके घटत गेले, म्हणून संघटनेच्या कागदपत्रांत त्या कमी दिसतात. पण मतदार यादीत त्या होत्याच. धान्य, रॉकेल, तेल आणि पाणी हे त्यांचे रोजचे प्रश्न. १९७२ मध्ये मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आणि इतर नेत्यांनी महागाईविरोधी संयुक्त समिती स्थापन केली आणि लाटणी घेतलेल्या स्त्रियांचे मोर्चे मुंबईच्या रस्त्यांवर आले. अहिल्या रांगणेकर १९७७ मध्ये शेजारच्या उत्तर-मध्य मुंबईतून मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षातर्फे लोकसभेवर गेल्या.

७. १९८२ चा संप आणि काही महिन्यांतील तीन निवडणुका

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. मजुरीवाढीबरोबरच १९४६ च्या कायद्यातील एकाच प्रातिनिधिक संघटनेची तरतूद रद्द व्हावी, ही मागणी होती. सरकार आणि मालक मागे हटले नाहीत. संप अधिकृतपणे कधीच मागे घेतला गेला नाही. तो विरत गेला. लाखभर कामगारांच्या नोकऱ्या गेल्या.

डिसेंबर १९८४ मध्ये इंदिरा गांधींच्या हत्येनंतर लोकसभा निवडणूक झाली. देशभर काँग्रेसची लाट होती. त्या लाटेत दक्षिण-मध्य मुंबईने संपात हरलेल्या नेत्याला, अपक्ष म्हणून उभ्या राहिलेल्या सामंतांना, निवडून दिले. मार्च १९८५ मध्ये विधानसभा निवडणूक झाली. शिवसेनेला संपूर्ण राज्यात एकच जागा मिळाली : माझगावची, छगन भुजबळ यांची. त्यानंतर काही आठवड्यांतच मुंबई महापालिकेची निवडणूक झाली. मुंबई महाराष्ट्रापासून तोडण्याचा डाव असल्याचे मुख्यमंत्री वसंतदादा पाटील यांचे विधान तेव्हा गाजत होते. या निवडणुकीत शिवसेनेने १७० पैकी ७४ जागा जिंकून महापालिका ताब्यात घेतली. याच महापालिकेत १९७८ मध्ये सेना २१ जागांवर घसरली होती, हेही ध्यानात असू द्या.

हे निकाल वेगवेगळ्या क्षेत्रांचे आहेत. एक मतदारसंघाचा, एक राज्याचा, एक शहराचा. तरी प्रश्न उरतोच. काही महिन्यांच्या अंतराने इतके वेगळे कौल कसे आले? मतदार दर वेळी वेगळा प्रश्न सोडवत होता, हे त्याचे एक उत्तर. दिल्लीला पाठवायचा माणूस म्हणजे आपल्या संपाची बाजू मांडणारा. महापालिकेत पाठवायचा माणूस म्हणजे नळ, गटार, शाळाप्रवेश आणि रुग्णवाहिका पाहणारा, शिवाय मुंबईवरचा हक्क सांगणारा. एकाच घरातून दोन्ही मते निघू शकत होती.

८. अन्वयार्थ

या घटनाक्रमातून आपल्याला काय दिसते? गिरणगावाचे राजकारण दोन ठिकाणी उभे होते : गिरणीच्या फाटकावर आणि चाळीत. फाटकावर मजुरी, बोनस, बदली, पाळी यांचे प्रश्न. चाळीत खोली, पाणी, सण, व्यायामशाळा, भांडणतंटा, आजारपण यांचे. जो पक्ष ही दोन ठिकाणे जोडू शकला त्याला गिरणगावाने भरभरून मत दिले. १९५७ मध्ये समितीने ती जोडली. कृष्णा देसाई यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी ती आपल्यापुरती जोडून ठेवली होती. त्यांच्या खुनाने एका माणसाइतकेच वस्तीतील एका कामाचेही नुकसान झाले.

शिवसेनेने चाळीचे काम शाखेच्या रूपाने कायम केले. शाखेत तक्रार नेता येई, नोकरीसाठी शब्द टाकता येई, गणेशोत्सवासाठी हात मिळत. त्याचबरोबर शाखेचा धाकही होता. विरोधकांवर आणि परप्रांतीयांवर हल्ले झाले, ही बाब मदतकार्याच्या वर्णनात झाकून टाकता येत नाही. मदत आणि धाक दोन्ही खरे होते, आणि मतदार दोन्ही ओळखून होते.

मग १९८२ नंतर काय बदलले? फाटकच बंद होऊ लागले. जोपर्यंत गिरणी चालू होती तोपर्यंत चाळीत सेनेचा आणि फाटकावर लाल बावट्याचा किंवा सामंतांचा असा माणूस असणे शक्य होते. गिरणी बंद पडल्यावर राजकारण करण्याची एकच जागा उरली, ती म्हणजे चाळ. तेथे जो पक्ष आधीपासून बसलेला होता त्याच्याकडे मत गेले. १९८९ पासून भाजपशी युती आणि हिंदुत्वाचा प्रचार यांनी त्याला बळ दिले. म्हणून 'कामगाराने वर्ग सोडला' असे म्हणण्याआधी 'वर्ग म्हणून एकत्र येण्याची जागाच त्याच्याकडून गेली' हा क्रम तपासा. या दोन विधानांत मोठे अंतर आहे. पहिल्यात दोष मतदाराच्या समजुतीला दिला जातो. दुसरे त्याच्या आयुष्यात काय घडले ते सांगते.

९. अभ्यासकाने घ्यायची काळजी

एक, मतदारसंघाचा निकाल म्हणजे व्यक्तीचे मत नव्हे. दक्षिण-मध्य मुंबईत गिरणी कामगारांशिवाय दुकानदार, कारकून, गोदी कामगार आणि इतर लोकही मतदार होते. निकालावरून 'गिरणी कामगारांनी अमुक केले' असे थेट म्हणता येत नाही.

दोन, सीमा बदलतात. १९६१ च्या कायद्याने द्विसदस्य मतदारसंघ रद्द झाले. पुढेही पुनर्रचना होत राहिल्या. त्याच नावाखाली वेगळी वस्ती असू शकते.

तीन, कागदापलीकडे पाहा. मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी गिरणगावातील माणसांच्या आठवणी नोंदवून मौखिक इतिहास तयार केला. आठवणींत विसंगती असतात, पण एका माणसाने आयुष्यभरात तीन वेगवेगळ्या चिन्हांवर शिक्का का मारला, हे निकालाचा तक्ता सांगत नाही. ते माणूसच सांगू शकतो.

चार, तुलना करा. अहमदाबादमध्ये मजूर महाजन ही गांधीजींच्या प्रेरणेची संघटना काँग्रेसला जवळची होती. तरी १९५७ मध्ये महागुजरात आंदोलनाच्या बळावर इंदुलाल याज्ञिक तेथून लोकसभेवर गेले. मुंबई आणि अहमदाबाद या दोन गिरणी-शहरांनी एकाच वर्षी भाषिक राज्याच्या मागणीवर मत दिले, ही केवळ योगायोगाची गोष्ट नाही. कानपूरमध्ये मात्र एस. एम. बॅनर्जी हे कामगार नेते अपक्ष म्हणून १९५७ पासून सलग चार वेळा निवडून आले. तेथे भाषिक राज्याचा प्रश्न नव्हता.

समारोप

आज गिरण्यांच्या बऱ्याच जमिनींवर उंच इमारती आणि मॉल आहेत. अनेक कामगार कुटुंबे डोंबिवली, कल्याण, विरार, नालासोपारा येथे राहायला गेली आणि त्यांचे मतही त्यांच्याबरोबर गेले. 'गिरणगावाचे मत' असे एकत्रितपणे म्हणता येईल अशी गोष्ट आता फारशी उरलेली नाही.

तरी हा अभ्यास का करायचा? निवडणुकीनंतर दर वेळी आपण ऐकतो की अमुक वस्ती अमुक पक्षाची, तमुक समाज तमुक पक्षाचा. गिरणगावाची पन्नास वर्षे आपल्याला सांगतात की असे शिक्के फार काळ टिकत नाहीत. तुमच्या शहरातल्या एखाद्या वस्तीविषयी असे विधान ऐकाल तेव्हा तीन प्रश्न विचारा : तेथील लोक कोठे एकत्र येतात? अडचणीच्या वेळी त्यांच्याकडे कोण जातो? आणि कोणती निवडणूक कोणता प्रश्न सोडवण्यासाठी आहे, असे त्यांना वाटते? उत्तरे मिळवण्यासाठी तुम्हाला वस्तीत जावे लागेल. मतदानाच्या इतिहासाचे खरे काम तेथून सुरू होते.

स्वाध्याय

१. १९५२ आणि १९५७ मध्ये द्विसदस्य मतदारसंघाची पद्धत एकच असूनही गिरणगावातील निकाल वेगळे का लागले? स्पष्ट करा.

२. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यामुळे कामगार संघटनेचे सभासदत्व आणि राजकीय कल यांत अंतर कसे पडले?

३. '१९७० च्या पोटनिवडणुकीत गिरणगाव लाल बावट्यापासून दूर गेले.' या विधानाचे १९७४ आणि १९८४ च्या निकालांच्या आधारे परीक्षण करा.

४. टिपा लिहा : (अ) मतदानावरील बहिष्कार, १९७४ (ब) शाखा आणि वस्ती (क) गावमंडळाची खोली.

५. उपक्रम : तुमच्या शहरातील एखाद्या जुन्या कामगार वस्तीतील तीन वयस्क मतदारांशी, त्यांत किमान एक स्त्री असावी, त्यांच्या संमतीने बोला. कोणाला मत दिले हे विचारू नका. निवडणुकीच्या दिवशी वस्तीत काय घडत असे, ते विचारा आणि दोन पानांत लिहा.